भिंतीवरचे रान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि इतिहासावर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. त्या मानाने ‘घरासाठी रानावनाची चित्रे कशी घ्यावीत आणि ती चौकटीत कशी बसवावीत’ हा आमचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. आम्ही चित्रकार नाही, कलासमीक्षकही नाही. नोकरीच्या निमित्ताने भोपाळला आलो आणि येथेच स्थिरावलो, असे चारचौघांसारखे संसारी लोक आहोत. गेल्या तीन-साडेतीन दशकांत ऐपतीप्रमाणे काही चित्रे घेतली, आणि त्याआधीच हाती आलेले एक चित्र स्वतःच्या हाताने नासवले. आमचे या विषयातील सारे ज्ञान त्या नासवलेल्या चित्रापासून सुरू होते. म्हणून आरंभही तेथूनच करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. बोलतो आहे एकच जण, पण ‘आम्ही’ म्हणताना उभयता अभिप्रेत आहोत. चित्रे दोघांनी निवडली, आणि चूकही दोघांनी मिळूनच केली.

१९८८ साली आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे गाव सोडून इकडे येण्यास निघालो, तेव्हा आमच्या थोरल्या काकांनी एक जलरंगातील चित्र आमच्या हाती ठेवले. काका शाळेत चित्रकला शिकवीत. चित्र होते गावच्या देवराईचे: मध्यभागी जुना बेहडा, त्याच्या ढोलीपाशी कवड्या धनेशाची जोडी, खाली ओल्या पाचोळ्याचा तांबूस रंग. कागदाचा आकार चौदा इंच बाय दहा इंच. “तिकडे हे रान तुमच्याबरोबर असू द्या,” एवढेच ते म्हणाले.

येथे येऊन बिऱ्हाड मांडल्यावर पहिल्याच महिन्यात आम्ही ते चित्र बाजारातील एका फ्रेमवाल्याकडे नेले. त्याने विचारले, “माउंट लावायचा का?” आम्ही विचार केला, कागदाभोवती आणखी कागद कशाला? खर्च वाढेल आणि चौकटही मोठी होईल. म्हणून ‘नको’ म्हणून सांगितले. चित्र काचेला चिकटून बसले, पाठीमागे साधा गवती पुठ्ठा आला, चार चुका ठोकल्या गेल्या, आणि ती तसबीर आम्ही बैठकीच्या ज्या भिंतीवर टांगली तिच्या पलीकडे न्हाणीघर होते. त्यात वाईट काही आहे असे आम्हाला सुचलेसुद्धा नाही.

आठ पावसाळे गेले. १९९६ च्या दिवाळीच्या साफसफाईत तसबीर खाली काढली, तेव्हा काचेमागे ओलसर चकाकणारे डाग दिसले. आम्ही उत्साहाने चुका उपसल्या, पुठ्ठा काढला आणि कागद ओढला. कागद निघाला, पण धनेशाची चोच, तिच्यावरचे पिवळे शिरस्त्राण आणि बेहड्याची अर्धी फांदी काचेवरच राहिली. कडेला कसर लागली होती. पुठ्ठ्याच्या आम्लाने कागद तपकिरी पडला होता. आम्ही ती काच घासूनपुसून स्वच्छ केली आणि दुसऱ्या एका तसबिरीला वापरली. संसारी माणसाची काटकसर ती!

दुसऱ्या वर्षी काका आले. त्यांनी चित्र हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “कागदाचे एवढे नाही रे. पण तो बेहडा आता तिथे नाही.” रस्ता रुंद करताना आदल्याच वर्षी तो तोडला गेला होता. त्या झाडाचे दुसरे चित्र नव्हते आणि छायाचित्रही नव्हते. बंधुभगिनींनो, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा उमगले की भिंतीवरचे चित्र ही केवळ घराची शोभा नसते. कधी कधी एखाद्या झाडाचा तो शेवटचा पुरावा असतो, आणि तो नीट सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर आलेली असते.

असो. आता विषयाकडे वळू.

मराठी घराच्या भिंतीवर चित्र आले ते बहुधा देवाच्या रूपाने. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि त्यातून निघालेली देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली. त्यांच्या शेजारी पूर्वजांची छायाचित्रे लागली. निसर्गचित्राला मात्र आपल्या घरात उशिराच जागा मिळाली. वास्तविक आपल्याकडे परंपरा थोर आहे. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाचा परिसर रंगवला. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर या मराठी गुरूच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे घडले, आणि त्यांच्या निसर्गचित्रांनी पुढे देशभर कीर्ती मिळवली. म्हणजे माळव्याचा प्रकाश आणि माळव्याची झाडे रंगवणारी मराठी दृष्टी आपल्या शेजारच्याच नगरीत तयार झाली होती, ही आपल्यासारख्या परप्रांतस्थ मंडळींना विशेष अभिमानाची गोष्ट आहे.

वन्य प्राण्यांच्या बाबतीत स्थिती वेगळी होती. सधन घरांतून वाघाचे कातडे, सांबराची शिंगे, गव्याचे मुंडके भिंतीवर मिरवीत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रकार थांबवला. आजही एखाद्या जुन्या बाजारात ‘शोभेची’ म्हणून शिंगे कोणी पुढे केली, तर ती विकणे आणि विकत घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत, हे ध्यानात ठेवावे. चित्रकाराच्या ब्रशाविषयीही सावध असावे. मुंगसाच्या केसांचे ब्रश एके काळी सर्रास वापरले जात. मुंगूस हा संरक्षित प्राणी असल्याने त्यांचा व्यापार आता बेकायदेशीर आहे. प्राण्याचे चित्र काढण्यासाठी प्राणी मारावा लागू नये, एवढे तर आपण पाहिलेच पाहिजे.

खरे म्हणजे रानाचे चित्र भिंतीवर असावे ही इच्छा माणसाला फार जुनी आहे. आपल्या भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर भीमबेटका आहे. १९५७ साली आगगाडीतून जाताना तेथील खडकांच्या आकारांनी डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांचे लक्ष वेधले. ते उतरून तेथवर गेले आणि त्या गुहाचित्रांचा शोध जगापुढे आला. २००३ मध्ये युनेस्कोने त्या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला कार्य केलेल्या या मराठी माणसाचे ऋण आपण कितीही मानले तरी थोडेच. तेथे हरणे आहेत, गवे आहेत, रानडुकरे आहेत, हत्ती आहेत. आम्ही तेथे अनेकदा गेलो आहोत. पण चित्र नासल्यानंतर गेलो तेव्हा आमचे लक्ष चित्रांइतकेच वरच्या खडकाकडे गेले. पुढे झुकलेल्या त्या कातळामुळे पाऊस आत येत नाही आणि ऊनही थेट पडत नाही. गेरू आणि चुनखडीचे ते रंग हजारो वर्षे टिकले याचे एक मोठे कारण ती पडवी आहे. चौकटीचे काम तरी याहून वेगळे काय असते? पाणी, ऊन, धूळ आणि कीड यांपासून चित्राला आडोसा देणे, हे तिचे पहिले कर्तव्य. शोभा हा त्यानंतरचा भाग.

आता चित्र घ्यावे कसे, याविषयी.

बाजारात रानाची जी चित्रे मिळतात त्यांचे ढोबळ चार प्रकार पडतात. पहिला प्रकार मूळ चित्राचा, म्हणजे चित्रकाराने स्वहस्ते रंगवलेले एकमेव चित्र. दुसरा, चित्रकाराने ठसा कोरून स्वतः किंवा स्वतःच्या देखरेखीखाली काढलेल्या मर्यादित प्रतींचा. अशा प्रतीच्या खाली पेन्सिलीने ‘१२/५०’ असा अपूर्णांक लिहिलेला असतो. त्याचा अर्थ, एकूण पन्नास प्रतींपैकी ही बारावी. तिसरा प्रकार मूळ चित्राच्या यंत्रावर काढलेल्या छापील प्रतीचा. ती सुती कागदावर टिकाऊ रंगद्रव्याने काढलेली असेल तर पुष्कळ वर्षे टिकते. साध्या शाईची असेल तर दोन-चार उन्हाळ्यांत फिकी पडते. चौथा प्रकार छायाचित्राचा. यांपैकी कोणताही प्रकार कमी दर्जाचा नाही. उत्तम छापील प्रत ही वाईट मूळ चित्रापेक्षा घरात केव्हाही शोभते. मात्र प्रतीला मूळ समजून आणि मूळ चित्राची किंमत देऊन घेऊ नये. विकणाऱ्याला सरळ विचारावे, ‘हे हाताने रंगवलेले आहे की छापलेले?’ आणि त्याचे उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. पावतीवर चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव, साल, माध्यम आणि आकार असावा. ती पावती चौकटीच्या पाठीला कागदी पाकिटात न ठेवता घरच्या कागदपत्रांत ठेवावी. पाठीला केवळ तिची नक्कल असावी.

आणखी एक गोष्ट. जुन्या पक्षिविषयक ग्रंथांतील रंगीत पाने सुटी करून चौकटीत घालून विकणारे लोक भेटतात. पाने सुंदर असतात, मोह होतो. पण त्या प्रत्येक पानामागे एक फाडलेला ग्रंथ असतो. आम्ही असे पान घेत नाही. तेवढ्याच पैशांत आजच्या एखाद्या तरुण चित्रकाराचे पक्षिचित्र घेता येते.

भोपाळकरांना तर दूर जाण्याचे कारणच नाही. १९८१ च्या सुमारास जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतील कलेचा शोध घेत फिरणारी तरुण मंडळी तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील, पाटनगढ या गावी पोहोचली. तेथे त्यांना भिंतीवरचे एक चित्र दिसले आणि जनगढ सिंह श्याम हा विलक्षण प्रतिभेचा तरुण सापडला. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भारत भवनाचे उद्घाटन झाले, आणि जनगढची चित्रे तेथे पहिल्यापासून होती. जनगढ हे परधान समाजाचे. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवून गोंड कुळांच्या कथा गाणे हे या समाजाचे परंपरागत कार्य. त्या गाण्यातले देव, झाडे, हरणे आणि मोर जनगढने कागदावर उतरवले. २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा अकाली अंत झाला. परंतु त्यांच्यामागून आलेल्या आप्तस्वकीयांनी आणि शिष्यांनी ही चित्रकला जिवंत ठेवली. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. याच दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक रंगवले, हे मराठी माणसाने तरी विसरू नये. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले.

या कलावंतांपैकी अनेकांची घरे याच शहरात आहेत. आम्ही पहिले गोंड चित्र घेण्यास गेलो, तेव्हा घरातील बाई जमिनीवर बसून एका हरणाच्या अंगात बारीक रेघा भरीत होत्या. हरणाच्या शिंगांतून झाड उगवले होते. आम्ही विचारले, ‘ह्या रेघांना किती वेळ लागतो?’ त्या हसून म्हणाल्या, “जितना हिरन कहे.” मग त्यांनी समजावून सांगितले की प्रत्येक चित्रकाराची भरण्याची खूण वेगळी असते. कोणी ठिपके भरतो, कोणी मासोळीचे खवले, कोणी तुटक रेघा. जाणकार ती खूण पाहून सही न वाचताही चित्रकार ओळखतो. आम्ही भाव केला नाही. भाजी घेताना घासाघीस करण्याची आपल्याला सवय असते. पण ज्या कामावर कोणी महिनाभर मान मोडून बसले आहे, तेथे ‘काही कमी करा’ म्हणणे आम्हाला बरे वाटले नाही. परवडत नसेल तर लहान चित्र घ्यावे. लहान चित्रातही तेच रान असते.

मुलुखाकडची ओढ ज्यांना अधिक असेल त्यांनी वारली चित्राचा विचार करावा. लग्नाच्या चौकापुरती आणि स्त्रियांच्या हातची ही कला डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी कागदावर व कापडावर आणून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रेषांनी काढलेले वारली चित्र घडी घालून कधीही आणू नये. घडीवर रंग तडकतो. जाड नळीवर सैल गुंडाळावे, आणि गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवावी. हा नियम कॅनव्हासवरील चित्रालाही लागू आहे.

चित्र विकत घेतले म्हणजे त्यावरचे सर्व हक्क आपले झाले, असाही एक गैरसमज आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क, लेखी करार नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या वारसांकडे. तेव्हा आपल्या भिंतीवरचे चित्र लग्नपत्रिकेवर किंवा मंडळाच्या स्मरणिकेवर छापायचे झाल्यास चित्रकाराची अनुमती घ्यावी. सहसा कोणी नाही म्हणत नाही. विचारले याचाच त्यांना आनंद होतो.

आता चौकटीकडे येऊ. हा आमचा खास प्रांत, कारण येथील प्रत्येक नियमाचे शुल्क आम्ही भरलेले आहे.

कागदावरील चित्र काचेला कधीही टेकता कामा नये. हवेतील दमट वाफ काचेच्या आतल्या बाजूस जमते, कागद ओला होतो आणि रंग काचेला चिकटतो. यासाठीच माउंट असतो. मधोमध खिडकी कापलेला तो जाड पुठ्ठा केवळ शोभेचा नव्हे. काच आणि चित्र यांच्यामध्ये हवेची जागा ठेवणे हे त्याचे मुख्य काम. हा माउंट, तसेच चित्राच्या पाठचा पुठ्ठाही, आम्लरहित असावा. साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो आणि चित्राच्या कडा करपवतो. फ्रेमवाल्याकडे आम्लरहित पुठ्ठा नसेल तर मागवून घ्यावा. थोडे थांबावे लागले तरी चालेल.

चित्र माउंटला चिकटवण्याची रीत महत्त्वाची. बाजारातील चिकटपट्टी नको, रबरी गोंद नको, आणि गरम दाबयंत्राने पुठ्ठ्यावर कायमचे बसवणे तर मुळीच नको. पातळ जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या आणि गव्हाच्या पिठातील सत्त्वाची खळ, एवढे पुरे. या पट्ट्या चित्राच्या फक्त वरच्या कडेला लावाव्यात. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो; त्याला खालून मोकळे सोडले तरच तो सपाट राहतो. पाण्याने सुटणारी खळ असल्यामुळे पन्नास वर्षांनंतरही चित्र इजा न होता बाहेर काढता येते. चित्राच्या कडा चौकटीत बसाव्यात म्हणून कापणे हा तर अक्षम्य अपराध होय. चौकट चित्रासाठी असते.

आता मापाचे एक उदाहरण देतो, म्हणजे दुकानात गोंधळ होणार नाही. समजा, आमच्या काकांच्या चित्राप्रमाणे कागद दहा इंच रुंद आणि चौदा इंच उंच उभा आहे. दोन्ही बाजूंस आणि वर तीन-तीन इंच माउंट ठेवला आणि खाली साडेतीन इंच ठेवला, तर चौकटीच्या आतील माप सोळा इंच बाय साडेवीस इंच होते. खालची बाजू किंचित अधिक का? कारण सर्व बाजू समान ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखे डोळ्यांना भासते. आता पट्टी किती लागेल? आतील परिमिती ७३ इंच. पट्टीचे कोपरे तिरपे कापावे लागतात, त्यामुळे पट्टीच्या रुंदीच्या आठपट लांबी वाढते. पट्टी एक इंची असेल तर ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट. कापताना जाणारी तूट धरून साडेसात फूट पट्टी घ्यावी. हा हिशेब येत असला म्हणजे फ्रेमवालाही आपल्याशी आदराने वागतो, असा आमचा अनुभव आहे.

पट्टी कोणती निवडावी? रानाच्या चित्राला सोनेरी नक्षीची जड पट्टी बहुधा मानवत नाही. जुन्या सागाची साधी, मेण घासलेली पट्टी उत्तम. गोंड चित्रात रंग इतके बोलके असतात की पांढरा किंवा हस्तिदंती माउंट आणि गडद अरुंद पट्टी पुरते. चित्रातील एखादा रंग उचलून तसाच रंगीत माउंट लावण्याची हौस आवरावी. काही दिवसांनी डोळा आधी माउंटवर जातो आणि हरीण मागे राहते. माउंट पट्टीपेक्षा रुंद असावा. दोन्ही सारख्या रुंदीची झाली की चित्राभोवती नुसते पट्टे दिसू लागतात.

काचेविषयी दोन शब्द. साधी काच उन्हातील अतिनील किरणांना पुरती अडवीत नाही. ती अडवणारी खास काच मिळते आणि मोलाच्या चित्राला ती घ्यावी. ज्यांची बदलीची नोकरी आहे त्यांनी काचेऐवजी ॲक्रिलिकचा तावही विचारात घ्यावा. तो हलका असतो आणि सामान हलवताना सहज फुटत नाही. मात्र त्यावर ओरखडे लवकर उठतात, आणि त्याच्या अंगी असलेल्या विजेमुळे खडूने काढलेल्या चित्राची भुकटी तो ओढून घेतो. म्हणून खडूच्या चित्राला काचच हवी. कॅनव्हासवरील तैलचित्राला किंवा ॲक्रिलिक रंगांच्या चित्राला सहसा काच लागत नाही.

चौकट भिंतीवर कोठे लावावी? न्हाणीघराच्या आणि पावसाचा मारा लागणाऱ्या भिंती टाळाव्यात. खिडकीच्या समोर, चुलीच्या जवळ आणि देवघरातील समईच्या वर चित्र नसावे. संग्रहालयात जलरंगांच्या चित्रांवर पन्नास लक्सहून अधिक उजेड पडू देत नाहीत. घरात तेवढा अंधार ठेवणे शक्य नाही, पण थेट ऊन तर आपण टाळू शकतो. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा ठेवावा. आपल्याकडे सवयीने तसबिरी छताला भिडवतात, ते देवांना ठीक, हरणांना नव्हे. चौकटीच्या पाठीला खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे लहान तुकडे चिकटवले की भिंत आणि चौकट यांच्यामध्ये हवा खेळते, आणि कसर, बुरशी व वाळवी यांना मुक्काम करणे अवघड जाते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक चित्र खाली काढून पाठ पाहावी. काच पुसताना पाणी कापडावर घ्यावे, काचेवर शिंपडू नये. ते कडेने आत शिरते.

आणि कळकळीची एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी एखादे चित्र वा जुने छायाचित्र काचेला चिकटलेले आढळले, तर ते ओढू नका. काचेसकट, जसे आहे तसे, संग्रहालयात काम करणाऱ्या जाणकार संवर्धकाकडे न्या. पुढे आम्ही काकांचे चित्र अशाच एका संवर्धक बाईंकडे नेले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “ती काच कुठे आहे?” काचेवरचा रंग, काचेवरची कागदाची साल, त्यातून काही तरी परत मिळाले असते. आमच्याजवळ उत्तर नव्हते. ती काच घरीच होती, दुसऱ्या एका तसबिरीत, स्वच्छ लखलखीत.

त्या बाईंनी कागद धुतला, आम्ल काढले, कसरीने खाल्लेल्या कडा सांधल्या. चोच मात्र पुन्हा रंगवून देण्यास त्यांनी नकार दिला. जे चित्रकाराने काढलेले नाही ते त्याच्या नावावर घालायचे नाही, असा त्यांच्या व्यवसायाचा नियम आहे. रिकाम्या जागी त्यांनी फिकट रंगाचा कागद बसवून दिला, डोळ्याला खुपणार नाही इतपत.

बंधुभगिनींनो, आपण सर्व जण दोन भूमींचे आहोत. एकीने जन्म दिला आणि दुसरीने अन्न दिले. ‘दुरून डोंगर साजरे’ असे आपण म्हणतो; पण दूर राहणाऱ्याला ते डोंगर साजरे दिसतात त्यात त्याच्या आठवणीचाही वाटा असतो, आणि आठवण काही कायम टिकत नाही. म्हणून आमची सूचना एवढीच की प्रत्येक मराठी घरात निदान दोन चित्रे असावीत: एक आपण सोडून आलेल्या रानाचे आणि एक ज्या रानाच्या कुशीत आपण राहतो त्याचे. ती महाग असण्याची गरज नाही. शाळेतल्या एखाद्या चित्रकलेच्या मास्तरांनी काढलेली असली तरी पुरे. फक्त ती नीट बसवा, आणि माउंट लावायचा का असे कोणी विचारले तर ‘हो’ म्हणा.

आमच्या बैठकीत आज ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी आहेत. शिंगांतून झाड उगवलेले हरीण, आणि बिनचोचीचा धनेश. दोन्हींना सारखीच सागाची पट्टी आहे आणि दोन्हींच्या पलीकडे कोरडी भिंत आहे. आमची नात सुट्टीत येते तेव्हा हरणाकडे पाहून हसते, मग धनेशापाशी थबकते आणि दर वेळी विचारते, “आजोबा, याची चोच कुठे गेली?” मग आम्हा दोघांपैकी कोणीतरी तिला सगळे सांगतो: काकांविषयी, देवराईविषयी, तोडलेल्या बेहड्याविषयी आणि आमच्या घाईविषयी.